अंगण खरोखरच वांकडें असेल तर?

मुंबईच्या तीन बाजूंस समुद्र असूनही गिरगांव-दादरकडील पांढरपेशा कुटुंबांचा नौकेशीं संबंध येतो तो घारापुरीच्या सहलीपुरता, किंवा अलिबागेकडे जातांना लाँचींत घालविलेल्या तासाभरापुरता. चौपाटीच्या वाळूंत बसून क्षितिजावरील जहाजाकडे पाहणें हीच काय ती आमच्या वर्गाची दर्यावर्दी परंपरा! अशा या वर्गांतील कांहीं घरांत अलीकडे एक नवा छंद शिरलेला दिसतो. जहाजाचीं सुटीं अंगें भरलेली एक पेटी विकत आणावयाची, आणि फावल्या वेळांत तींतून हात-दीड हात लांबीचें गलबत उभें करावयाचें. शाळकरी मुलें-मुली हा छंद करतात, तसेच सेवानिवृत्त गृहस्थही करतात. आणि पहिल्या पेटीची हकीकत दोघांचीही बहुधा सारखीच असते. पेटी मोठ्या हौसेनें उघडली जाते, दोनतीन आठवडे जेवणाच्या टेबलावर तिचें राज्य चालतें, आणि मग एके दिवशीं ती माळ्यावर जाते. ती माळ्यावर गेली म्हणजे घरांत एक निवाडाही कायम होऊन बसतो : “याच्या हातून कांहीं तडीस जात नाहीं.”

हा निवाडा न्याय्य आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. खेळण्याच्या पेटीवर इतकी शाई कां खर्च करावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, सद्‌गुण अंगीं कसे येतात हें सांगतांना ॲरिस्टॉटलला घर बांधणाराचा व वाद्य वाजविणाराचाच दृष्टांत सुचला. मनुष्य बांधून बांधूनच बांधणारा होतो, असें त्याचें म्हणणें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच ठिकाणीं त्यानें पुढें जें जोडलें आहे तें सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. नीट बांधणारा चांगला कारागीर होतो, तसा वाईट बांधणारा त्याच अभ्यासानें वाईट कारागीर होतो. नाहीं तर गुरूची गरजच पडली नसती. अभ्यास हा जर असा दुधारी असेल, तर नवशिक्याच्या हातीं अभ्यासाची सामग्री देणाराच्या शिरावर कांहींतरी जबाबदारी येते, आणि ती मीठ-मिरची विकणाराच्या जबाबदारीहून निराळी असली पाहिजे.

आमच्या भाषेनें या बाबतींत आपलें मत फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. “नाचतां येईना, अंगण वांकडें” ही म्हण लहानपणापासून आपण ऐकत आलों आहों. सबबी सांगणाराचें तोंड बंद करण्यास तिच्यासारखें साधन नाहीं, व तिच्यांत सत्य नाहीं असेंही नाहीं. परंतु म्हण करणारानें एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती ही कीं अंगण सपाट आहे. दहा वर्षें नाचलेल्यास अंगणाचा उंचसखलपणा पायाखालीं येतांच कळतो. पहिल्या दिवशीं नाचावयास आलेल्यास तो कळत नाहीं. त्याला एवढेंच कळतें कीं आपण पडलों. अंगण वांकडें कीं पाय वांकडा हें सांगतां येणें हेंच मुळीं शिक्षणाचें फळ आहे, आणि नवशिक्याजवळ तें नसतें म्हणूनच तो नवशिका. येथें खरी अडचण आहे, आणि म्हण तिच्यावर सतरंजी अंथरते.

जुन्या काळीं ही अडचण कशी सुटत असे तें पाहावयास मुंबईबाहेर जावयास नको. इ. स. १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे मुंबईस आले, आणि पुढें शंभर-सव्वाशें वर्षें त्यांच्या घराण्यानें येथील गोदींत सागवानी जहाजें बांधलीं. जमशेटजी बमनजी यांच्या हाताखालीं तयार झालेलें ‘कॉर्नवालिस’ इ. स. १८१३ तलें, चीन व इंग्लंड यांच्यामधील नानकिंगचा तह इ. स. १८४२ त त्याच जहाजावर झाला. इ. स. १८१७ त मुंबईस पाण्यांत सोडलेलें ‘त्रिंकोमाली’ तर अद्यापि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. दोनशें वर्षांवर झालीं, मलबारच्या सागवानानें दगा दिलेला नाहीं. या ‘त्रिंकोमाली’ची एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. तिचे नकाशे इंग्लंडाहून ‘जावा’ नांवाच्या जहाजावरून पाठविले होते. इ. स. १८१२ त अमेरिकनांशीं झालेल्या लढाईंत ‘जावा’ शत्रूच्या हातीं पडून जाळलें गेलें आणि नकाशेही गेले. दुसरे नकाशे मागवावे लागले, व काम तितकें लांबलें. पिढ्यान् पिढ्या जहाजें बांधणारे हात जमशेटजींच्या गोदींत होते. तरी त्या विशिष्ट जहाजासाठीं त्यांस बिनचूक नकाशा लागला, आणि तो येईपर्यंत थांबण्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. आज बारा वर्षांच्या मुलास चुकीचा नकाशा दिला जातो, आणि त्यानें हात टेकले तर त्याला धीर नाहीं असें आपण म्हणतों.

गोदींत शिकणारा पोऱ्या फळी तासावयास बसला आणि फळी फाटली, तर शेजारीं उभा असलेला जाणता सुतार एकदां फळीकडे व एकदां तासणीकडे पाही, आणि दोहोंपैकीं एकावर ठपका ठेवी. लांकडांत गांठ होती, कीं रंधा रेषेविरुद्ध चालला होता? हा निर्णय तत्काळ व दुसऱ्याच्या अनुभवावर फुकट मिळत असे. शिकाऊ मुलास बोलणीं पुष्कळ खावीं लागत असतील. पण तीं ज्या चुकीबद्दल असत ती चूक त्याचीच असे, ही सामान्य गोष्ट नव्हे. याच वाडिया घराण्यांतील दोघे तरुण, जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी, इ. स. १८३८ त नौकाविद्येचें नवें शास्त्र शिकण्यास चॅथमच्या गोदींत गेले, ते घरचा कसब हातांत घेऊन गेले. शास्त्र कठीण वाटलें तरी लांकूड आपल्याशीं खोटें बोलत नाहीं एवढें त्यांस ठाऊक होतें.

इतकें दूर तरी कशाला? गिरगांवच्या चाळींत दिवाळीचा आकाशकंदील घरीं होत असे, हें आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, कणकेची खळ आणि दोऱ्याची गुंडी. कामटी वांकवितांना पहिल्या चारपांच मोडावयाच्याच. पण गॅलरींत दोन वर्षांनीं मोठा असा कोणी तरी मुलगा असे, आणि तो म्हणे, “अरे, ही वाळलेली आहे, टाकून दे, ती हिरवट घे.” किंवा म्हणे, “कामटी ठीक आहे, तूंच घाई करतोस.” त्या कंदिलाचा सांगाडा आणि जहाजाचा सांगाडा यांत तत्त्वतः फारसा भेद नाहीं. भेद आहे तो या मोठ्या मुलाचा. पेटींत सर्व कांहीं असतें. तो तेवढा नसतो. त्याची जागा पेटी बनविणारानें भरून काढली पाहिजे, आणि ती भरण्याचीं साधनें त्याच्याजवळ दोनच आहेत : निर्दोष सामग्री आणि खरी व पुरी सूचना.

आतां पेटींत काय असतें तें थोडक्यांत सांगतों, कारण त्यावांचून पुढील विवेचन हवेंत राहील. जहाजाच्या लांबीचा एक सपाट कणा असतो. त्याच्या खांचांत आडव्या बसणाऱ्या दहा-पंधरा फासळ्या असतात. दोन्ही अलीकडे पातळ प्लायवुडांतून लेझर किरणानें कापून देतात. हा सांगाडा उभा झाला कीं त्यावर मऊ लांकडाच्या पट्ट्यांचा एक थर, व चांगल्या पेटींत त्यावर अक्रोडासारख्या लांकडाचा अर्ध्या मिलिमीटरचा दुसरा थर चढवावयाचा. मग डेक, डोलकाठ्या, परमाणें, दोर, पितळी सामान. प्रमाण बहुधा एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे फुटास पाव इंच, किंवा त्याहूनही लहान.

यांत जी खरी अवघड गोष्ट आहे ती पट्ट्या चढविण्याची. जहाजाचा मध्य पोट सुटल्यासारखा असतो आणि नाळेकडे तें निमुळतें होत जातें. मधल्या फासळीचा घेर मोठा, पुढच्या फासळीचा लहान. पट्ट्यांची संख्या मात्र दोन्ही ठिकाणीं एकच. अर्थात् प्रत्येक पट्टी नाळेकडे अरुंद करीत नेली पाहिजे. नवशिका तसें करीत नाहीं; तो सगळ्या पट्ट्या आहेत तशाच लावीत जातो, आणि चारपांच पट्ट्यांनंतर पुढच्या टोंकास त्या एकमेकींच्या अंगावर चढूं लागतात. शिवाय पट्टी सपाट बाजूनें सहज वांकते, पण कडेवर वांकत नाहीं. कोमट पाण्यांत भिजवावी लागते, उष्णतेनें वळवावी लागते. फासळ्यांच्या कडाही तिरप्या घासून घ्याव्या लागतात, नाहीं तर पट्टी नुसती एका कंगोऱ्यावर टेकते. हें सर्व कठीण आहे, आणि कठीणच असावें. हा कठीणपणा कोणा व्यापाऱ्यानें आणलेला नाहीं; सपाट वस्तूनें गोल वस्तु मढवावयाची म्हटली कीं तो आलाच. हीच भूमिति जमशेटजींच्याही पुढें होती.

आतां दुसऱ्या प्रकारचा कठीणपणा पाहा. कणा दमट हवेंत साठविल्यामुळें दोन मिलिमीटर वांकलेला आहे. खांच तीन मिलिमीटरची, फासळी साडेतीनची. पट्ट्या एकाच जुडग्यांतल्या, पण कोणी जाड, कोणी पातळ, कोणी अशा ठिसूळ कीं भिजवल्या तरी मोडतात. सूचनापत्रिकेंत डोलकाठीच्या टोंकावरील कडीला अर्धें पान दिलेलें असतें, आणि ज्या कामाला नवशिक्याचे दोन महिने लागावयाचे त्यासंबंधीं एकच वाक्य असतें : “आतां सांगाड्यावर पट्ट्या बसवा.” चित्र दुसऱ्याच जहाजाचें असतें हा वर प्रसाद.

हे दोन कठीणपणे बाहेरून सारखेच दिसतात. दोहोंतही काम अडतें, दोहोंतही राग येतो. पण त्यांची जात अगदीं भिन्न आहे, आणि ती कशी भिन्न आहे हें ओळखण्यावर सारा प्रश्न अवलंबून आहे. पहिला कठीणपणा नियमानें वागतो. आज पट्टी अरुंद केली नाहीं म्हणून चढली. उद्यां अरुंद केली तर बसते. परवां पुन्हां न केली तर पुन्हां चढते. तो प्रश्नास उत्तर देतो, व तेंच उत्तर पुनःपुन्हां देतो. म्हणून त्यापासून शिकतां येतें. दुसरा कठीणपणा लहरी आहे. तीच कृति एका पट्टीवर साधते आणि दुसरीवर फसते, आणि कारण कर्त्याच्या कृतींत नसल्यामुळें कृतींत कितीही शोधलें तरी सांपडत नाहीं. अशा अनुभवापासून मनुष्य ज्ञान मिळवीत नाहीं. तो समजुती मिळवितो. सरस अमक्याच कंपनीचा पाहिजे, पावसाळ्यांत हें काम होतच नाहीं, माझा हातच जड. यांतली शेवटची समजूत सर्वांत घातक. कारण पहिल्या दोन सोडण्यास पैसे किंवा ऋतु बदलणें पुरे, तिसरी सोडण्यास स्वतःवरचें मत बदलावें लागतें.

दादर येथील आमच्या परिचयाच्या एका घरीं ही गोष्ट आम्हीं प्रत्यक्ष पाहिली. चौदा वर्षांची मुलगी. हुषार, चिकाटीची, चित्रकला चांगली. वाढदिवसास मिळालेली पेटी तिनें उघडली व पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें कण्यावर फासळ्या बसविल्या. चारसहा दिवसांनीं तिच्या लक्षांत आलें कीं जहाज पुढून पाहिलें तर डावीकडे मुरडल्यासारखें दिसतें. फासळ्या तिनें काढल्या, पुन्हां बसविल्या, पुन्हां तेंच. आई-वडील दोघेही सुविद्य. पण लांकडांतलें त्यांस कांहीं कळत नव्हतें, आणि वडिलांनीं ती सुप्रसिद्ध म्हण हंसत हंसत म्हणून दाखविली. मुलगी रडली नाहीं. तिनें पेटी बंद केली आणि शांतपणें सांगितलें कीं, “मला हातानें करण्याच्या गोष्टी जमत नाहींत.” अकरावीला कोणती शाखा घ्यावी याचा विचार त्याच सुमारास घरांत चालू होता, आणि त्या बोलण्यांत हें वाक्य पुढें दोनदां आलें.

त्या घरीं नळाच्या कामास परळचे एक वृद्ध गृहस्थ येत. १९८२ च्या संपापर्यंत ते एका गिरणींत फिटर होते. त्यानंतर मिळेल तें किरकोळ काम करीत आले. त्यांची नजर शेल्फावरच्या सांगाड्याकडे गेली. त्यांनीं तो उचलला, एक डोळा मिटून कण्याच्या रेषेंत पाहिलें, मग फासळ्या सोडवून मोकळा कणा फरशीवर ठेवून बोटानें दाबला. कणा पाळण्यासारखा डुलला. “बाळ, हा जल्माचाच वांकडा आहे,” ते म्हणाले. “तुझं काम बघ ना, गुण्याला लागतंय. वांकडं ह्याच्यात आहे.” मुलीनें विचारलें, “पण आजोबा, मला कसं कळणार होतं?” यावर त्यांनीं जें उत्तर दिलें त्यापेक्षां नेमकें उत्तर आम्हांस पुस्तकांत आढळलेलें नाहीं : “तुला नाही कळायचं. म्हणून तर पाठवणाऱ्यानं बघून पाठवायचं.”

या प्रश्नांतील अन्याय आणखी एका मार्गानें वाढतो. पेट्या चांगल्या कीं वाईट याचे अभिप्राय कोण देतो? ज्यानें पंधरा जहाजें बांधलीं आहेत तो. त्याच्या हातीं वांकडा कणा आला तर तो भिजवून वजनाखालीं ठेवतो, जाड खांच कानशीनें घासतो, ठिसूळ पट्टी फेंकून आपल्या संग्रहांतली घेतो, आणि शेवटीं प्रामाणिकपणें लिहितो कीं, “थोडें घासावें लागलें, पण पेटी एकंदरींत बरी आहे.” त्याच्या दृष्टीनें तें खरेंच आहे. पेटीचा जो दोष नवशिक्याच्या मार्गांत भिंत होऊन उभा राहतो, तो जाणत्याच्या पायाखालीं खडाही वाटत नाहीं. आणि दुकानदाराचा सल्ला ऐका : “पहिलीच आहे ना? मग स्वस्तांतली घ्या. हात बसला कीं चांगली घ्या.” म्हणजे सर्वांत दुबळ्या हातास सर्वांत वाईट सामग्री, आणि ज्याला वाईट सामग्रीवरही मात करतां येते त्याला सर्वांत उत्तम! हिशेब उलटा आहे, पण तो इतका रूढ आहे कीं आपण स्वतःही तसाच वागतों. मुलास गाणें शिकवावयाचें तर सुरांत न राहणारी जुनी पेटी आणतों, आणि सहा महिन्यांनीं त्याला सुराचा कान नाहीं असें ठरवितों. शिवण शिकणाऱ्या मुलीच्या हातीं धार गेलेली कात्री देतों. उत्तम कात्री शिंप्यासाठीं. त्याला तर ती नसली तरी चाललें असतें.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो हलका नाहीं. एकलव्यास गुरु नव्हता, मातीचा पुतळा होता. तरी तो धनुर्धर झाला. सुखसोयींत शिकलेला मनुष्य पोंचट निघतो. वाईट हत्यारावर शिकलेला मनुष्य कोठेंही निभावतो. आमचे परळचे फिटरही, आम्हांस खात्री आहे, मोडक्या हत्यारांवरच शिकले असतील. आक्षेपांत तथ्य आहे इतकें कीं अडचणीवांचून शिक्षण नाहीं. पण एकलव्याचा पुतळा मातीचा होता, धनुष्य मातीचें नव्हतें. बाण सोडला कीं तो नेमाप्रमाणें जात होता, आणि चुकला तर हाताच्या चुकीनें चुकत होता. साधन प्रामाणिक असेल तर गुरूची उणीव एखादा असामान्य पुरुष भरून काढील. साधनच फसवें असल्यास असामान्य बुद्धीलाही पकडावयास कांहीं राहत नाहीं. आणि मोडक्या हत्यारावर शिकलेल्यांची गोष्ट सांगतांना आपण फक्त शिकलेल्यांना मोजतों. त्याच हत्यारांनीं ज्यांस परत पाठविलें ते कोठें गेले, त्यांची गणती कोणीं केली?

उलट टोंकाचा दोष मात्र आम्हांस तितकाच नापसंत आहे. कांहीं पेट्यांत जहाजाचें पोट अगोदरच सांच्यांत ओतलेलें येतें, डेकवर फळ्यांच्या रेषा छापलेल्या असतात, आणि घेणाराला चारदोन तुकडे खटकन् बसवून वर एक ध्वज लावावयाचा तेवढा उरतो. गणेशोत्सवांत लालबाग-परळकडून आयतें मखर आणणें आणि घरीं मखर करणें यांत जो फरक आहे तोच येथें आहे. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें थर्मोकोलवर बंदी घातली तेव्हां, आतां मखर कशाचें करावयाचें, या विवंचनेंत कित्येक सुशिक्षित कुटुंबें पडलीं. पुठ्ठा, कापड, बांबू, फुलें हीं सर्व बाजारांत होतीं. हात मात्र मध्यंतरीं विसरून गेले होते. आयत्या वस्तूंत लबाडी नसते, पण तिनें शिकविल्याचा आव आणूं नये. पेटीवर “तुम्हीं बांधलेलें जहाज” असें छापावें आणि आंत बांधण्यासारखें कांहींच ठेवूं नये, हाही विश्वासघातच. फरक इतकाच कीं त्यांत मुलाचा मान सुखरूप राहतो व वेळ तेवढा जातो.

या दोहोंच्या मधली वाट काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत. स्वीडनमध्यें नेस येथें ऑटो सॉलोमन यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांकूडकामाची जी शिक्षणपद्धति बसविली तिच्यांत वस्तूंची एक मालिकाच ठरलेली होती. प्रत्येक वस्तु उपयोगाची, आणि प्रत्येकींत मागच्यापेक्षां एखादीच नवी अडचण. इ. स. १९३७ च्या वर्धा परिषदेंत हस्तव्यवसायाला शिक्षणाचा कणा मानण्याचा विचार पुढें आला, तोही याच कुळांतला म्हणतां येईल; त्याचें पुढें काय झालें हा निराळा, आणि थोडा खेदाचा, विषय आहे. नौकांच्या पेट्यांतही अमेरिकेंतील एका जुन्या कंपनीनें अशी तीन लहान होड्यांची चढती मालिका काढली आहे : आधीं साधी मासेमारी होडी, मग शिडाची डोंगी, मग डेक असलेलें गलबत. तीन तोफखान्यांच्या युद्धनौकेनें आरंभ करूं नये, हें सांगण्याचा त्याहून सभ्य मार्ग नाहीं. परंतु आमच्याकडे पालक पेटीवरचें चित्र पाहून खरेदी करतात, आणि चित्रांत जितक्या डोलकाठ्या अधिक तितकें वाढदिवसाचें प्रेम अधिक!

सरकार याबाबत काय करतें? खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधीं २०२० सालीं निघालेला आदेश १ जानेवारी २०२१ पासून अंमलांत आला, आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक संस्थेचा छाप सक्तीचा झाला. चांगलें झालें. टोंक डोळ्यांत जाऊं नये, रंगांत शिसें असूं नये, वस्तु भडकन् पेटूं नये, इतकें पाहिलें जातें. शरीराची काळजी झाली. पेटीच्या झांकणावर जें वचन दिलें आहे तें आंतील सामानानें पुरें होतें कीं नाहीं, हें त्या छापांत येत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर तें यावें असें आमचेंही म्हणणें नाहीं. मुलाच्या आत्मविश्वासाला इजा झाली हें कोणता तपासनीस कोणत्या यंत्रानें मोजणार? आयातकर मात्र वाढला : खेळण्यांवर तो २०२० त शेंकडा २० चा ६० झाला व २०२३ त ७०, आणि जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींची गणना त्याच सदरांत होते. चांगली परदेशी पेटी त्यामुळें मध्यमवर्गाच्या आवांक्याबाहेर गेली, आणि तिची हलकी नक्कल नवशिक्याच्या हातीं येण्याचा संभव वाढला. येथें बनणाऱ्या पेट्या चांगल्या असत्या तर आम्हीं या कराचें कौतुक केलें असतें.

त्या कां नसाव्यात, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नाविक शाखेंत जहाजाची प्रतिकृति बनविणें हा शिक्षणाचा भाग आहे आणि त्याच्या स्पर्धाही होतात. म्हणजे मुलें आहेत, हौस आहे. ससून डॉकपासून वरळीच्या कोळीवाड्यापर्यंत होड्या जाणणारीं माणसें आहेत. आणि तरी दादरच्या मुलीनें बांधावयास घेतलेलें जहाज कोणा इंग्रज कप्तानाचें; पुस्तिका कोणत्या तरी भाषेंतून इंग्रजींत उतरलेली, व तीही अशी कीं इंग्रजाला कळूं नये. गुराब, गलबत, फत्तेमारी, मचवा हे शब्द तिनें इतिहासाच्या पुस्तकांत वाचले. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराबद्दल तिला पांच गुणांचें उत्तर लिहितां येतें. पण गुराबेची नाळ कशी असे, परमाण डोलकाठीस कसें बांधतात, सुकाणूं कशावर फिरतें, हें हातानें करून पाहण्याची सोय तिला कोणीं करून दिली नाहीं. एकच डोलकाठी, एकच तिरपें परमाण, एकच शीड असलेला कोंकणी मचवा ही नवशिक्याची आदर्श पहिली नौका झाली असती. पुस्तिका मराठींत असती तर भाऊच्या धक्क्यावर जाऊन तिला तांडेलाला प्रश्नही विचारतां आला असता. दोघांजवळ शब्द एकच असते.

अशी पेटी काढण्याचें कोणाच्या मनांत आलेंच, तर आम्ही दोन गोष्टी सुचवूं. पहिली ही कीं पेटी बाजारांत आणण्यापूर्वीं ती जाणत्याकडे तपासण्यास देऊं नये. ज्यानें आयुष्यांत कधीं कानस धरली नाहीं अशा एखाद्या मुलाला ती द्यावी, करणारानें शेजारीं बसावें, आणि शेवटपर्यंत एक अक्षर बोलूं नये. मूल जेथें थांबेल तेथें पुस्तिकेंत ओळ कमी आहे किंवा सामानांत खोट आहे असें टिपून घ्यावें. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. शिकविणाराला गप्प बसणें किती जड जातें हें तीस वर्षें वर्गांत उभे राहिल्यामुळें आम्हांस पुरतें ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट अगदीं क्षुल्लक आहे. जहाजास चाळीस पट्ट्या लागत असतील तर पेटींत पन्नास घालाव्या, आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तसें स्पष्ट लिहावें : “यांतील दहा मोडण्यासाठीं आहेत.” बहुतेक पेट्यांत पट्ट्या मोजून घातलेल्या असतात. एक मोडली कीं जहाज अपुरें राहणार या धास्तीनें मूल पहिली पट्टी हातांत घेतें, आणि भीतीनें धरलेली पट्टी मोडतेच. दहा पट्ट्यांचें लांकूड पेटीच्या पुठ्ठ्याहूनही स्वस्त पडेल. त्या दादरच्या मुलीनें अशा जादा पट्ट्या शेवटीं रे रोडच्या लांकूडबाजारांतून फिटर आजोबांकरवीं कापून आणविल्या. कणा त्यांनीं ओल्या फडक्यांत गुंडाळून आठ दिवस पाट्याखालीं दाबून ठेविला होता; तो बराचसा सरळ झाला. उजव्या अंगाच्या सात पट्ट्या परवांपर्यंत चढल्या होत्या. चार मोडल्या होत्या, आणि त्यांपैकीं तीन आपल्या हातून व एक गांठीमुळें मोडली, असें तिनें आम्हांस त्या मोडक्या पट्ट्या दाखवून सांगितलें.